शहराचे व्यवसाय परवाने आणि लेखापालाची सही : नियम सुधारायचे तर हात कुठे घालावा

शहराच्या व्यवसाय परवान्यांचे नियम सोपे करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिली निविदा निघते ती पोर्टलची. जुन्या अर्जातले सगळे रकाने जसेच्या तसे संगणकावर चढतात, झेरॉक्सऐवजी पीडीएफ जोडाव्या लागतात, हेलपाटे थोडेफार वाचतात, पण अट एकही कमी होत नाही. म्हणून या लेखात पोर्टल अगदी थोडक्यात येईल. आधी नियमांनाच हात घालायचा आहे.

परवान्याचे नियम आणि हिशेबाच्या व्यवसायाचे नियम हे दोन वेगळे विषय समजले जातात. परवाना शहराचं प्रशासन देतं. लेखापाल कोणी व्हायचं आणि कोणत्या कागदावर कोणाची सही चालायची हे देश किंवा राज्य ठरवतं. पण नवा व्यवसाय काढणाऱ्याला ही दोन्ही एकाच अर्जात, एकाच ओळीत भेटतात : 'उलाढालीबाबत लेखापालाचा दाखला जोडावा.' अशा ओळी वाढत गेल्या की परवाना महाग पडतो, लेखापालांचे तास कोणी न वाचणाऱ्या कागदांवर जातात आणि खरोखर तपासायला हवेत अशा ताळेबंदांना माणसं कमी पडतात. दोन्ही सुधारणा एकत्र हाती घ्याव्यात असं मी म्हणतो ते त्यामुळे. लोकप्रतिनिधी, प्रशासनातले अधिकारी, व्यापारी संघटनांचे पदाधिकारी आणि स्वतः लेखापाल, यांपैकी कोणीही या कामाला सुरुवात करू शकतं.

पहिली पायरी : यादी फाइलींतून काढा

कोणकोणते परवाने आणि ना-हरकत दाखले लागतात याची यादी खात्याकडे मागितली तर नियमात लिहिलेली यादी मिळते. खिडकीवर प्रत्यक्षात मागितले जाणारे कागद त्याहून जास्त असतात. त्यामुळे गेल्या वर्षभरात निकाली निघालेल्या वेगवेगळ्या व्यवसायांच्या वीस-पंचवीस फाइली काढून घ्या आणि पान अन् पान उलटा. सापडलेल्या प्रत्येक कागदासमोर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. हा कागद कोणत्या कलमाखाली मागितला? तो नसता तर कोणाचं काय नुकसान झालं असतं? तो आल्यावर कोण वाचतं? आणि त्यातली माहिती सरकारकडे दुसरीकडे आधीच आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर वेळ घालवा. उलाढालीचा दाखला फाइलीत लागलेला असतो, त्यावर लिपिकाची बरोबरची खूण असते, पण पुढच्या एकाही टिपणीत त्यातला आकडा येत नाही. शुल्क जागेच्या क्षेत्रफळावर लागलेलं असतं आणि मंजुरीच्या शेऱ्यात उलाढालीचा उल्लेखही नसतो. म्हणजे दाखला आहे की नाही एवढंच पाहिलं गेलं, दाखल्यात काय आहे हे कोणी पाहिलं नाही. असा प्रत्येक कागद वगळण्याच्या यादीत टाका. बाजू मांडायची वेळ आली की त्या फाइलींच्या टिपण्या समोर ठेवता येतात, आणि त्यापुढे 'हे लागतंच' असं म्हणणं कोणालाही जड जातं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा 'एक जुनं परिपत्रक' असं निघतं. परिपत्रकाने आलेली अट परिपत्रकानेच जाते. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, सभागृहात जावं लागत नाही. त्यामुळे कामाची सुरुवात इथूनच करा.

दुसरी पायरी : फाइल पडून राहते ते ठिकाण शोधा

प्रत्येक फाइलीचे दोन वेळ मोजा : तिच्यावर प्रत्यक्ष काम झालं तो वेळ आणि ती नुसती पडून राहिली तो वेळ. आवक-जावक नोंदवहीतल्या तारखांवरून हे काढता येतं. काम काही तासांचं आणि मुक्काम आठवड्यांचा, हे चित्र जवळजवळ सगळीकडे दिसतं.

मुक्काम लांबण्याचं मोठं कारण म्हणजे त्रुटींची पत्रं. पहिल्या पत्रात एक त्रुटी, तिची पूर्तता केली की दुसरी, मग तिसरी, आणि दर वेळी मुदत नव्याने सुरू. यावर उपाय एका वाक्याचा आहे : सगळ्या त्रुटी एकाच पत्रात, ठरलेल्या दिवसांच्या आत कळवायच्या, त्यानंतर नव्या त्रुटीच्या कारणाने अर्ज अडवता येणार नाही, आणि मुदतीचं घड्याळ एकदाच थांबेल. हे वाक्य नियमात आलं पाहिजे. नुसत्या सूचनेने ते टिकत नाही.

तिसरी पायरी : व्यवसायांची तीन गटांत वाटणी

सुधारणेचा गाभा हाच. ज्या व्यवसायात ग्राहकाला, शेजाऱ्याला किंवा कामगाराला विशेष धोका नाही, त्याला फक्त नोंदणी पुरे : नाव, पत्ता, कामाचं स्वरूप. ज्यात धोका आहे पण नियम स्पष्ट लिहून देता येतात, तिथे घोषणापत्र घ्यायचं, व्यवसाय त्याच दिवशी सुरू होऊ द्यायचा आणि तपासणी नंतर करायची. आणि जिथे चूक झाली तर जीव जाईल किंवा नुकसान भरून निघणार नाही, तिथेच पूर्वपरवानगी ठेवायची.

हे नुसतं पुस्तकी नाही. इटलीने २०१० मध्ये बऱ्याच व्यवसायांसाठी 'शिया' (SCIA) नावाची प्रमाणित घोषणा आणली. ती दिली की काम लगेच सुरू करता येतं आणि प्रशासनाला साधारणपणे ६० दिवसांत तपासून, गरज पडल्यास काम थांबवण्याचा अधिकार असतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या सेवाविषयक निर्देशात तर कसोटीच घालून दिली आहे : पूर्वपरवानगी ठेवायची असेल तर तीत भेदभाव नसावा, सार्वजनिक हिताचं सबळ कारण असावं, आणि तेच उद्दिष्ट कमी जाचक मार्गाने साधत नाही हे दिसलं पाहिजे. शिकागो शहराने २०१२ मध्ये परवान्यांचे प्रकार ११७ वरून ४९ वर आणले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीची गरज ठेवली नाही, फक्त सूचना देणं पुरेसं ठरवलं.

वाटणी करताना व्यवसायाच्या नावावर जाऊ नका, तिथे काय घडतं ते पाहा. एकाच नावाखाली घरातल्या टेबलावर चालणारं कामही असतं आणि रसायनांचे पिंप साठवणारा कारखानाही. आग, गर्दी, विषारी किंवा ज्वलनशील साठा, अन्न, मुलं आणि रुग्ण, सांडपाणी आणि धूर, लोकांचे पैसे सांभाळणं : यांपैकी काही आहे का, एवढं अर्जात विचारलं तर गट आपोआप ठरतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. परवाने सोपे करणं म्हणजे तपासणी सोडून देणं नव्हे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ रोजी 'द स्टेशन' या नाइटक्लबला आग लागली आणि १०० माणसं गेली. भिंतींना लावलेल्या ज्वलनशील फोमने मंचावरच्या आतषबाजीमुळे पेट घेतला होता. त्या जागेची अग्निसुरक्षा तपासणी त्याआधी झालेली होती. फोमवर मात्र आक्षेप घेतला गेला नव्हता. कागद पुरे होते, पाहायला हवं होतं ते पाहिलं गेलं नाही. कमी धोक्याच्या हजारो अर्जांतून सुटलेले निरीक्षक अशा जागांवर पाठवता यावेत, हा या वाटणीचा सगळ्यात मोठा फायदा आहे. म्हणून प्रस्तावात नुसतं 'इतके परवाने रद्द' लिहू नका. सुटलेलं मनुष्यबळ कोणत्या तपासण्यांवर जाईल तेही लिहा.

चौथी पायरी : मुदत उलटली तर काय, हे लिहून ठेवा

मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरणं, म्हणजे मानीव मंजुरी. वर सांगितलेल्या युरोपीय निर्देशात हाच सर्वसाधारण नियम आहे. पण कागदावरची मानीव मंजुरी बँकेत किंवा वीजजोडणीच्या कार्यालयात दाखवता येत नाही, कारण तिचा दाखलाच नसतो. मुदत संपताच अर्जाच्या क्रमांकावर दाखला आपोआप निघावा, त्यावर कोणाच्या सहीची गरज नसावी, अशी तरतूद करा. पोर्टल खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते इथे. पूर्वपरवानगीच्या गटाला मात्र मानीव मंजुरी लावू नका. तिथे मुदत उलटली तर प्रकरण वरिष्ठाकडे जावं आणि विलंबाचं कारण लेखी नोंदवलं जावं.

नूतनीकरणाबद्दल माझं मत साफ आहे. जागा, मालक किंवा कामाचं स्वरूप बदललं तरच नव्याने अर्ज. एरवी वार्षिक शुल्क भरलं की परवाना चालू. दर वर्षी तेच कागद पुन्हा मागण्याने धोक्याबद्दल नवीन काहीच कळत नाही. शुल्कही तपासणीच्या खर्चाशी जोडलेलं असावं. परवान्यातून उत्पन्न मिळवायचं असेल तर त्याला कर म्हणा आणि करासारखा उघडपणे लावा. दोन्ही एकत्र मिसळले की प्रशासनाला निरुपयोगी परवानाही सोडवत नाही.

पाचवी पायरी : लेखापालाच्या कागदाची छाननी

आता दोन विषय एकमेकांना भिडतात ती जागा. शहराच्या नियमांत जिथे जिथे 'लेखापालाचा दाखला', 'लेखापरीक्षित ताळेबंद' किंवा 'प्रमाणित विवरण' असे शब्द आहेत, त्या सगळ्या जागा शोधून काढा. परवाना, जाहिरातफलक, सवलती, निविदापूर्व पात्रता, अनुदानं, सगळीकडे पाहा.

मग प्रत्येक जागी विचारा : इथे नेमकी कोणत्या प्रकारची खात्री हवी आहे? लेखापालाच्या सहीने चार अगदी वेगवेगळ्या गोष्टी मिळू शकतात आणि नियम लिहिणारे त्या सर्रास एक करतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ऑडिटमध्ये वाजवी खात्री मिळते : पुरावे तपासून लेखापरीक्षक मत देतो. रिव्ह्यूमध्ये मर्यादित खात्री असते. मुख्यतः विचारणा आणि आकड्यांचं विश्लेषण, त्यामुळे तो स्वस्तही पडतो. संकलनात लेखापाल मालकाने दिलेल्या माहितीवरून विवरणं नीट मांडून देतो. तिथे खात्री कसलीच नाही. चौथा प्रकार ठरवून दिलेल्या तपासण्यांचा : 'बँकेच्या खात्यातली अमुक जमा आणि नोंदवहीतली रक्कम जुळते का ते पाहा', एवढंच काम सांगायचं आणि त्याने जे दिसलं ते लिहून द्यायचं. मत द्यायचं नाही.

शहराला बहुतेक ठिकाणी या चारांतलं काहीच लागत नाही. शुल्काचा टप्पा ठरवायला उलाढाल हवी असेल तर करविवरणपत्राची प्रत पुरे. तो आकडा व्यावसायिकाने करखात्यापुढे आधीच स्वतःच्या जबाबदारीवर दिलेला असतो. अनुदानाचा पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला का हे पाहायचं असेल तर चौथा प्रकार नेमका बसतो. ऑडिट हवं ते जिथे तिऱ्हाइतांचे पैसे गुंतलेत तिथे : ठेवी, आगाऊ घेतलेल्या मोठ्या रकमा, सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्था.

दाखला रद्द केला तर सगळे खोटं लिहितील, हा आक्षेप हमखास येतो. त्याला उत्तर म्हणून भारतातलंच उदाहरण द्या. जीएसटीमध्ये वार्षिक विवरणाशी हिशेब जुळवून दाखवणाऱ्या जीएसटीआर-९सी या विवरणावर आधी लेखापालाचं प्रमाणन लागायचं. २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून ते काढून करदात्याचं स्वयंप्रमाणन पुरेसं ठरवलं गेलं. विवरण गेलं नाही आणि तपासणीचा अधिकारही कायम राहिला. फक्त जबाबदारी मालकाच्या सहीवर आली. ब्रिटनने लहान कंपन्यांना वैधानिक ऑडिटमधून सूट दिली आहे, आणि एप्रिल २०२५ पासून त्या सुटीची मर्यादा वाढवून उलाढालीसाठी दीड कोटी पौंडांवर नेली आहे.

ज्या दाखल्यांची खरी गरज आहे ते मात्र तपासून घ्या. भारतात २०१९ पासून सनदी लेखापालांच्या दाखल्यांवर यूडीआयएन हा अठरा अंकी क्रमांक लागतो आणि दाखला खरा की बनावट हे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. अर्जात त्यासाठी वेगळा रकाना ठेवा आणि पडताळणी केल्याची नोंद लिपिकाने टिपणीत करावी असा दंडक घाला. पडताळणी होत नसेल तर तो दाखला मागण्यात काहीच अर्थ नाही.

सहावी पायरी : हिशेबाच्या व्यवसायाचे नियम

हे शहराच्या हातात नसतं, पण शहर, व्यापारी संघटना आणि लेखापालांच्या संस्था मिळून याविषयी राज्यकर्त्यांकडे निवेदन देऊ शकतात. निवेदनात तीन मुद्दे सुटे सुटे मांडा, कारण चर्चेत ते नेहमी गुंततात : कोणतं काम राखीव, कोणतं व्यावसायिक नाव राखीव, आणि व्यवसायात येण्याची अट काय.

काम राखीव ठेवायचं तर ते मोजकं असावं. ब्रिटनमध्ये 'अकाउंटंट' हे नाव कायद्याने राखीव नाही. हिशेब लिहून देणं, विवरणपत्र भरणं ही कामं पात्रताधारक नसलेला माणूसही करू शकतो, मात्र काळ्या पैशाविरुद्धच्या नियमांखाली त्याला कुठल्या तरी यंत्रणेच्या देखरेखीत राहावं लागतं. वैधानिक ऑडिट मात्र नोंदणीकृत लेखापरीक्षकच करू शकतो. ही रेघ मला योग्य वाटते. रोजच्या नोंदी लिहिणाऱ्यावर मोठ्या पदव्यांची सक्ती केली तर लहान व्यावसायिक हिशेबच ठेवेनासा होतो, आणि त्यात शहराचंही नुकसान आहे.

आत येण्याच्या अटींवर सध्या सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे सीपीए, म्हणजे परवानाधारक सार्वजनिक लेखापाल, हा परवाना राज्यं देतात. न्यूयॉर्कने १८९६ मध्ये पहिला कायदा केला. पुढे १९८३ मध्ये फ्लोरिडाने १५० सेमिस्टर-तासांच्या शिक्षणाची अट लागू केली आणि हळूहळू ती देशभर पसरली. चार वर्षांची पदवी साधारण १२० तासांची असते. म्हणजे ही अट जवळजवळ एका जादा वर्षाची झाली. परीक्षा सगळ्यांना तीच, अनुभवही लागतोच, मग या वर्षात नेमकं काय शिकायचं हे बऱ्याच ठिकाणी नीट ठरलेलं नव्हतं. कुठल्याही विषयाचे तास चालत. फीचा बोजा मात्र खरा होता. ओहायोने जानेवारी २०२५ मध्ये कायदा करून पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव हा पर्यायी मार्ग खुला केला, तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला, आणि इतर अनेक राज्यांनीही तसे बदल केले. परीक्षेला कोणी हात लावला नाही, हे लक्षात घ्या. अट शिथिल करताना योग्यता मोजणारी गोष्ट शाबूत ठेवायची आणि वर्षं मोजणारी गोष्ट सैल करायची.

याच निवेदनात एका ठिकाणचा परवाना दुसरीकडे चालावा ही मागणी घाला. लेखापाल एका राज्यात पात्र असेल तर शेजारच्या राज्यात तो अपात्र ठरण्याचं कारण सहसा व्यावसायिक नसतं. शहरांच्या बाबतीतही तेच. गवंडी, प्लंबर, वीजदुरुस्ती करणारे रोज हद्दी ओलांडतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात शेजारच्या नगरपालिका एकत्र येऊन अशा फिरत्या व्यावसायिकांना एकच सामायिक परवाना देतात.

नियम करणाऱ्या मंडळावर कोण बसतं हेही पाहा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाच्या खटल्यात सांगितलं की, ज्या व्यवसायाचं नियमन करायचं त्यातलेच धंदा करणारे लोक मंडळावर वरचढ असतील तर सरकारची सक्रिय देखरेख असल्याशिवाय त्या मंडळाला स्पर्धा कायद्यातून सूट नाही. त्या मंडळाने दात पांढरे करून देणाऱ्या, दंतवैद्य नसलेल्या लोकांना काम बंद करायला लावलं होतं. लेखापालांच्या मंडळांवरही ग्राहक, लहान व्यावसायिक आणि अभ्यासक यांना खरी मतं असलेल्या जागा हव्यात.

आणि सैल करू नये ते सैल करू नका. एन्रॉन ही बडी ऊर्जा कंपनी हिशेबातल्या घोटाळ्याने २००१ मध्ये कोसळल्यावर अमेरिकेने २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा केला, लेखापरीक्षकांवर स्वतंत्र देखरेख मंडळ आणलं आणि ज्याचं ऑडिट करायचं त्यालाच इतर अनेक सेवा विकायला बंदी घातली. भारतात २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आलं तेही अशाच गरजेतून. लोकांचा पैसा असलेल्या संस्थांच्या लेखापरीक्षकाचं स्वातंत्र्य, तपासणी आणि शिस्तभंगाची कारवाई, यात सुलभीकरणाच्या नावाखाली काटछाट मागितली गेली तर तिला विरोध करा.

सातवी पायरी : मसुदा आणि त्यानंतर

मसुद्यात नवे नियम लिहिताना जुनी परिपत्रकं नाव, क्रमांक आणि तारखेनिशी रद्द करा. 'याविरुद्धचे सर्व आदेश रद्द समजावेत' हे वाक्य खिडकीवरच्या माणसाला काहीच सांगत नाही. तो जुनी यादी काचेवर चिकटवून ठेवतो. उलट अशी तरतूद करा की अमुक तारखेपर्यंत प्रसिद्ध केलेल्या एकत्रित यादीत जो कागद नाही तो मागता येणार नाही. नव्या अटींना आयुष्याची मर्यादाही घाला. कोलोरॅडोने १९७६ मध्ये आणि टेक्सासने १९७७ मध्ये सरकारी यंत्रणांसाठी असा कायदा केला : ठरलेल्या तारखेला आढावा होऊन मुदत वाढवली नाही तर ती यंत्रणा आपोआप संपते.

विरोध तिघांकडून होईल. शुल्क कमी होईल म्हणून वित्त विभागाकडून. त्यांना निरीक्षणाचा वाचणारा खर्च दाखवा. कामं जातील म्हणून काही लेखापालांकडून. त्यांच्याशी आधीच बसा, कारण त्यांच्यातल्याच अनेकांना या दाखल्यांचा कंटाळा आलेला असतो. आणि परवाना मिळवून बसलेल्या जुन्या व्यावसायिकांकडून, ज्यांना नवी स्पर्धा नको असते. हा तिसरा विरोध सुरक्षिततेच्या भाषेत येतो. त्यांना कोणता धोका, कोणाला, किती वेळा घडला, एवढं लेखी मागा.

मोजणी बदल करण्याआधीच सुरू करा, नाहीतर नंतर तुलना करायला आकडेच नसतात. सरासरी दिवसांवर विसंबू नका. निम्मे अर्ज किती दिवसांत सुटले आणि सगळ्यात रखडलेल्या दहा टक्क्यांना किती लागले ते वेगवेगळं काढा. पहिल्याच फेरीत मंजूर झालेल्या अर्जांचं प्रमाण, घोषणापत्रांपैकी नंतरच्या तपासणीत खोटी निघालेली, आणि प्रत्येक गटातले अपघात व तक्रारी यांची नोंद दर तिमाहीला संकेतस्थळावर टाका. खोट्या घोषणा एखाद्या व्यवसायात वाढताना दिसल्या तर तो व्यवसाय वरच्या गटात नेण्याचा अधिकार नियमातच, कारण लेखी देण्याच्या अटीवर, ठेवलेला असावा. उलट दिशेने, वरून खाली आणण्याचाही.